मत मांडण्याआधीची पायरी

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं मेंढा-लेखा हे शंभरेक घरांचं गोंड गाव देशभर ओळखलं जातं ते वनहक्कांसाठी. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा कारभार आज गाव पाहतं आणि मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे ही हकिकत मराठी वाचकाला परिचित आहे. तरी या गावाची सर्वांत मोठी कमाई मला जंगलापेक्षा वेगळी वाटते. वाद कसा घालावा याची एक रीत त्याने बसवली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे दोन प्रकारच्या बैठका रूढ झाल्या. अभ्यासगटात ज्याला वाटेल त्याने यावं, बाहेरचा जाणकार बोलवावा, कायदा वाचावा, शंका काढाव्यात, हवा तितका वाद घालावा. तिथे निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो सर्वसहमतीने. एकाचाही विरोध शिल्लक असेल तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो, हात मोजले जात नाहीत.

वादविवाद ही कला आहे असं मानलं, तर आपल्याकडची तिची आजची अवस्था तपासायला ही रीत चांगली कसोटी आहे. ऑनलाइन वादाबद्दलची नेहमीची तक्रार भाषेची असते: शिवीगाळ वाढली, कोणी कोणाचा मान ठेवत नाही. तक्रार खरी आहे, पण ती मुळाशी जात नाही. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१च्या सुमारास ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात जे पेटलं त्याची भाषा काही सौम्य नव्हती. पण दोन्ही साप्ताहिकं होती, त्यामुळे वार आणि प्रतिवार यांच्यामध्ये दिवस जात, आणि प्रतिपक्षाचा मुद्दा आधी मांडल्याशिवाय तो खोडता येत नसे. आज गेलं आहे ते हे मधलं अंतर. ऐकणं, मत बनवणं आणि निकाल देणं या तीन गोष्टी एकाच मिनिटात उरकल्या जातात. मेंढ्याने ज्या दोन बैठका जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या, त्या फोनच्या पडद्यावर एक झाल्या आहेत, आणि त्या एकीत अभ्यासगट बुडाला आहे.

व्हिडिओ गेमचंच घ्या. ‘मोबाइल गेमनी पोरं वाया घालवली’ हे वाक्य चंद्रपूरच्या चहाच्या टपरीपासून शाळेच्या पालकसभेपर्यंत सर्वत्र ऐकू येतं. त्यामागची काळजी खोटी नाही. पण ‘गेम’ म्हणून आपण कशाकशाला एका दावणीला बांधतो? पैसे लावून खेळायची रमी, मित्रांच्या टोळीने खेळायची पबजीसारखी लढाई, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ‘राजी’ची नायिका आहे, त्यातलं कथानक मधूनमधून छायाबाहुल्यांच्या खेळासारखं उलगडतं आणि दृश्यांवर पहाडी लघुचित्रांची छाया आहे. चित्र, संगीत, कथा यांबद्दल बोलण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. नाटक-सिनेमाचं परीक्षण पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या मराठीत त्याविषयी गंभीर लेखन शोधावं लागतं. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली ती देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता या कारणांवरून. अनेक पालकांनी मात्र ती व्यसनमुक्तीची मोहीम समजून तिचं स्वागत केलं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या रोगांच्या यादीत घेतला आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत: खेळावरचा ताबा सुटलेला असणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर. सुट्टीत चार तास खेळणारा मुलगा या व्याख्येत बसेलच असं नाही. २०२५च्या केंद्रीय कायद्यानेसुद्धा पैशांचे खेळ एका बाजूला काढून त्यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. कायदा करणाऱ्यांना जी वर्गवारी सुचली, ती घराघरातल्या वादाला अजून सुचलेली नाही.

हीच गत दारूबंदीच्या वादाची झाली आणि तिथे किंमत फार मोठी होती. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरने महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ रोजी ती मिळवली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने गमावली. बंदी उठवताना अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी ही कारणं दिली गेली. आता, पकडलेल्या दारूचे गुन्हे वाढले याचे दोन अर्थ संभवतात: चोरटी विक्री वाढली, किंवा पोलिसांनी कारवाई वाढवली. नुसत्या आकड्यावरून कोणता अर्थ खरा हे कळत नाही. घरातला खर्च, मारहाण, दवाखान्यात येणारे रुग्ण हे सगळं बंदीच्या आधी आणि नंतर पाहावं लागतं. एवढी मेहनत घेणारे लोक होते, पण वादाचा मोठा भाग ‘बंदी फसली’ आणि ‘बंदी हवीच’ या दोन फलकांवर चालला.

ऑनलाइन वादाने खेळाकडून एक गोष्ट उचलली आहे: गुणफलक. लाइक, शेअर, किती जणांनी पाहिलं हे आकडे प्रत्येक मताखाली चिकटलेले असतात. खेळात चुकलेली चाल लगेच अंगाशी येते आणि खेळणाऱ्याला ती बदलावी लागते. वादात चुकीच्या मतालाही गुण मिळत राहतात, बहुधा जास्तच मिळतात, कारण ठाम आणि अपुरं मत चटकन समजतं. म्हणजे खेळातला आकडा आला, त्याची शिस्त मागेच राहिली.

यावर पहिला आक्षेप असा की मेंढा लहान आहे, एकाच समाजाचं आहे, जंगल सगळ्यांचं सामाईक आहे. लाखो अनोळखी माणसांची सर्वसहमती कशी व्हायची? हे मान्यच करायला हवं. सर्वसहमती तशीच्या तशी उचलून शहरात नेता येत नाही; शिवाय संकोचाने गप्प बसलेल्याला सहमत धरण्याचा धोका गावातही असतो. पण अभ्यासगटाला सहमतीची गरजच नाही. निर्णय न घेता एखादा विषय नीट वाचायला दहा माणसं कुठेही बसू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या तरुणाचं म्हणणं पूर्वी नागपूर-पुण्याच्या संपादकाने छापलं तरच बाहेर यायचं. आज तिथल्या सुरजागडच्या लोहखाणीबद्दल तो स्वतः व्हिडिओ करून बोलू शकतो. हा फार मोठा लाभ आहे, आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. पण त्याच गुणफलकावर हा तरुण हरतो. वाघाचा वाद पाहा. सीटी-१ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला तोवर वडसा, ब्रह्मपुरी, भंडारा या पट्ट्यात तेरा माणसांचा बळी त्याच्या नावावर नोंदला गेला होता. सरपण आणि मोहफुलांसाठी जंगलात जावंच लागणारी माणसं आणि वाघावर दुरून प्रेम करणारी माणसं यांच्यात संख्या मोजली, तर दुसरी बाजू दर वेळी जिंकेल. बोलायला मिळणं आणि उत्तर मिळणं यांत फरक आहे. मेंढ्याच्या रीतीत एकट्या माणसाच्या हरकतीलाही उत्तर द्यावं लागतं, म्हणून ती थोड्यांच्या बाजूची आहे.

खुद्द मेंढ्याने सरकारशी वाद घातला तेव्हा ते थोड्यांतच होतं. वनखातं बांबूला १९२७च्या वन कायद्यानुसार झाडांत धरत होतं. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं होतं. गावाने तो कायदा वाचला होता आणि त्याचा आग्रह सोडला नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं.

आपल्या शाळा-महाविद्यालयांत मात्र उलट शिक्षण चालू आहे. वादविवाद स्पर्धेत मुलाला बाजू नेमून दिली जाते. उच्चार, आवेश, खंडन, वेळ यांना गुण असतात. समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवण्याला, किंवा ‘या प्रश्नावर मत देण्याएवढी माहिती अजून हाती नाही, ती अमुक ठिकाणी मिळेल’ असं सांगण्याला त्या गुणपत्रिकेत रकाना नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या महाविद्यालयाने तो यंदाच्या स्पर्धेत घालून पाहावा आणि विषय मोबाइल गेमचाच ठेवावा.