लुप्त प्रयोजक : लॅम्डामूमधील नियमनाच्या मागणीचे व्याकरण

संगणकजालावरील सामूहिक खेळांत गैरवर्तन करणाऱ्यांवर अधिक कडक नियंत्रण असावे, अशी मागणी खुद्द खेळाडूंकडून वारंवार होत आली आहे. तिचा विचार बहुधा समाजशास्त्र आणि विधिशास्त्र यांच्या अंगाने होतो. परंतु अशा मागणीचे जे एक आरंभीचे आणि बहुचर्चित उदाहरण आहे, ते मुळात भाषिक स्वरूपाचे आहे. ज्यूलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात ‘अ रेप इन सायबरस्पेस’ हा निबंध लिहून ते जगापुढे आणले. त्या निबंधाचे परीक्षण येथे योजिले आहे.

लॅम्डामू ही क्रीडासृष्टी पॅव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९९० साली उभी केली. तीत चित्र नव्हते, ध्वनी नव्हता. होता तो केवळ मजकूर. खेळाडूने बोलण्याची आज्ञा दिली की त्याच्या नावे उद्गार उमटे. कृतीची आज्ञा दिली की त्याच्या नावे तृतीय पुरुषी विधान उमटे. माधव नावाच्या खेळाडूने हसण्याची कृती टंकित केली, तर उपस्थित सर्वांस ‘माधव हसतो’ असे दिसे. तेथे विधान हे घटनेचे वर्णन नव्हते. विधान हीच घटना होती. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत उच्चाराने घडणाऱ्या कृतींची जी चर्चा केली, तिचे इतके शुद्ध उदाहरण अन्यत्र क्वचितच आढळेल.

मार्च १९९३ मध्ये ‘मिस्टर बंगल’ या पात्राने तेथील दिवाणखान्यात ‘व्हूडू डॉल’ नावाच्या उपप्रणालीचा प्रयोग केला. तिच्या योगे इतर खेळाडूंच्या नावे, त्यांनी न लिहिलेली, विटंबनेची आणि लैंगिक अत्याचाराची विधाने सर्वांसमक्ष उमटत राहिली. पीडितांपैकी एकीने बंगलला कायमचे हद्दपार करण्याची मागणी केली आणि अनेकांनी तिला पाठिंबा दिला. तीन दिवसांनी सभा भरली. वाद पुष्कळ झाला, निर्णय झाला नाही. अखेर ‘विझर्ड’ म्हणविल्या जाणाऱ्या व्यवस्थापकांपैकी एकाने स्वतःच्या जबाबदारीवर ते पात्र नष्ट केले.

डिबेल यांचे यश असे की, शब्दांनी झालेली इजा ही इजाच आहे, हे त्यांनी टिंगलीस वाव न ठेवता प्रतिपादिले. मात्र या विचारातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला सदोष वाटतो. प्रतीक आणि वास्तव यांची सरळ फाळणी आता टिकणार नाही, असे ते म्हणतात. आणि त्याबरोबर वाणीस्वातंत्र्यावरील त्यांचा स्वतःचा विश्वासही डळमळू लागतो. शब्दमात्र जर कृती ठरला, तर नियमनास सीमा कोणती? निबंध हा प्रश्न उभा करतो आणि तेथेच थांबतो.

माझ्या मते ही सीमा व्याकरणात सापडते. पाणिनीने स्वातंत्र्य हे कर्त्याचे लक्षण मानले आणि त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यास हेतू, म्हणजे प्रयोजक, ही संज्ञाही दिली. मराठीत ‘माधव हसतो’ आणि ‘गोविंद माधवाला हसवतो’ ही दोन भिन्न विधाने आहेत. बंगलच्या उपप्रणालीने नेमका हा भेद पुसला. तेथील प्रत्येक विधान वस्तुतः प्रयोजक होते. परंतु पडद्यावर ते साधे होऊन आले. प्रयोजक लुप्त झाला आणि पीडित व्यक्ती स्वतंत्र कर्ती म्हणून उभी केली गेली. अपराध शब्दांच्या अश्लीलतेपाशी संपत नाही. कर्तृपदाचा अपहार हा त्याचा गाभा आहे.

नको असलेल्याचा मजकूर आपल्यापुरता बंद करण्याची सोय असताना कठोर शिक्षा कशाला, हा तेव्हाचा आक्षेपही येथे निकालात निघतो. आपण कान झाकले तरी आपल्या नावे उमटणारे विधान इतरांस ऐकू येतच राहते.

विशेष म्हणजे हे तत्त्व लॅम्डामूस अपरिचित नव्हते. कर्टिस यांच्या १९९२ च्या निबंधात तेथील शिष्टाचार दिले आहेत. दुसऱ्याच्या नावे त्याने न केलेली कृती छापू नये, हा त्यांपैकी एक होय. डिबेल यांच्या विवेचनात या नियमास मध्यवर्ती स्थान नाही, ही त्यातील मोठी उणीव होय. खेळाडूंची मागणी नव्या निर्बंधाची नव्हती. जुन्या शिष्टाचारास कायद्याचे बळ मिळावे, एवढाच तिचा आशय होता. सामाजिक तंट्यांतून विझर्डांनी अंग काढून घ्यावे, असे कर्टिस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये ठरविले होते. त्यामुळे नियम होता, पण तो पाळावयास लावणारा कोणी उरला नव्हता. बंगल प्रकरणानंतर त्यांनी विनंतीअर्ज आणि मतदान यांची पद्धती सुरू केली. तीही अपुरी ठरून मे १९९६ मध्ये विझर्डांनी आपला अधिकार पुन्हा उघडपणे स्वीकारला.

या उपपत्तीच्याही मर्यादा आहेत. स्वतःच्या नावे दिलेली धमकी किंवा शिवीगाळ तिच्या कक्षेत येत नाही. त्यांचा विचार निराळ्या तत्त्वांवर करावा लागेल. शिवाय बंगल या एका नावामागे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थी होते, असे डिबेल पुढे ‘माय टायनी लाइफ’ या १९९८ च्या ग्रंथात नमूद करतात. म्हणजे शिक्षा झाली ती नावाला. खरे कर्ते तिच्या बाहेरच राहिले.

तरीही मूळ भेद उपयुक्त राहतो. आज कोणाचाही आवाज आणि चेहरा वापरून त्याने न उच्चारलेली वाक्ये त्याच्या तोंडी घालता येतात. अशा काळी कोणते शब्द निषिद्ध, याच्या याद्या करण्यापूर्वी, या वाक्याचा खरा प्रयोजक कोण आणि तो लपविला का गेला, हा प्रश्न नियमनकर्त्याने विचारला पाहिजे. तसे झाल्यास मतभेदाच्या शब्दाला धक्का न लावता पीडिताचे रक्षण करणे शक्य होईल.