फील्डिंग आणि कोल्हटकर : एक तुलना

आद्य इंग्रजी कादंबरीकारांपैकी हेन्री फील्डिंग (१७०७–१७५४) याचे जीवन मोठे घडामोडींचे होते. १७३७ च्या नाट्यनियंत्रणाच्या कायद्याने रंगभूमीचे दार मिटताच हा नाटककार कायद्याच्या अभ्यासाकडे वळला. १७४० मध्ये तो बॅरिस्टर झाला, १७४२ मध्ये त्याची ‘जोसेफ अँड्र्यूज’ प्रसिद्ध झाली, आणि ‘टॉम जोन्स’ (१७४९) प्रकाशित झाली तेव्हा तो लंडनमध्ये न्यायासनावर होता.

या चरित्राशी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे साम्य लक्षणीय आहे. तेही नाटककार, विनोदकार आणि वकील. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव व जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली; शिवाय ज्योतिर्गणिताचा व्यासंग आणि समीक्षा ही त्यांच्या बुद्धीची आणखी दोन क्षेत्रे. कादंबरीही त्यांनी लिहिली. मात्र ‘श्यामसुंदर’ व ‘दुटप्पी की दुहेरी’ या कादंबऱ्यांनी त्यांच्या कीर्तीत फारशी भर घातली नाही. सामग्री एवढी सारखी असताना फळ इतके भिन्न का?

कोल्हटकरांना अनुभव नव्हता, हे उत्तर टिकणारे नाही. कज्जेदलालांचा, साक्षीपुराव्यांचा आणि निमशहरी वऱ्हाडी समाजाचा परिचय त्यांना रोजच्या व्यवसायातच घडत होता. परंतु कथानकरचनेस बसले की त्यांची दृष्टी माणसांवरून उठून गुंतागुंतीवर खिळे. ‘गुप्तमंजूष’, ‘जन्मरहस्य’ ही नाटकांची नावेच त्या ओढीची द्योतक आहेत. फील्डिंगचे कथानकही गुंतागुंतीचे असते. पण त्याची पात्रे त्या गुंत्याखाली गुदमरत नाहीत.

कोल्हटकरांच्या ठायीचा कादंबरीकार मात्र अन्यत्र आढळतो. त्यांचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’ हा होता, हे अर्थपूर्ण आहे. १९१० मध्ये ग्रंथरूप झालेल्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट लेखामागून लेखात भेटते, शिमग्यापासून चोरांच्या संमेलनापर्यंत समाजाचे दर्शन घडविते. येथे रहस्य नाही. म्हणूनच माणसे आहेत.

तात्पर्य, जीवनाचे वैविध्य कादंबरीला सामग्री पुरविते, रूप देत नाही. कोल्हटकरांना रूप गवसले ते विनोदी लेखात. म्हणून मराठी कादंबरीच्या अभ्यासकाने त्यांच्या दोन कादंबऱ्यांपाशी न थांबता ‘पोह्यां’कडेही वळणे अगत्याचे आहे.