सुरकुत्यांचं बळ

2008 साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त आलेला रामनाथन, अक्साय, प्रुधोम, ब्रिन्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध मी एका आकड्यासाठी उघडला आणि गुंतलो मात्र सुरकुत्यांत.

आकडा असा: ॲक्रिलिकमध्ये वजनानं 0.05 टक्के ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा), म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम मिसळलं, तर ते कडक प्लॅस्टिक ज्या तापमानाला मऊ पडू लागतं ते जवळजवळ 30 अंश सेल्सिअसनं वर सरकलं. पॉलिॲक्रिलोनायट्राइल या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये 1 टक्क्याला ही वाढ 40 अंशांच्याही पुढे गेली.

एवढ्याशा भरणानं हे होतं कसं? इथे निबंध खरा रंगतो. यातलं ग्राफीन निर्दोष नाही. ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण करून ते झटक्यात तापवलं, की आत तयार होणारा वायू थर उसकटून काढतो. सुट्या झालेल्या पापुद्र्यांवर ऑक्सिजनचे गट उरतात, कार्बनच्या जाळीत खोट राहते आणि अंगभर सुरकुत्या पडतात. लेखकांची सगळी मदार यांवरच आहे. ॲक्रिलिकच्या रेणूंच्या साखळ्या त्या गटांशी हायड्रोजन बंधांनी बांधल्या जातात, सुरकुत्यांत अडकतात. एक साखळी जखडली की शेजारचीही मंदावते. पापुद्रे नीट विखुरलेले असले, तर मंदावलेले हे पट्टे एकमेकांना भिडतात आणि अख्खं प्लॅस्टिक उशिरा मऊ पडतं.

मला सर्वांत आवडते ती तुलनेची मांडणी. शेजारी फुगवलेलं ग्राफाइट ठेवलं आहे. कार्बन तोच, पण थर एकमेकांना बिलगलेले, त्यामुळे प्लॅस्टिकला भिडायला पृष्ठभाग कमी आणि परिणामही कमी. महागड्या एकभिंती नॅनोट्यूबांपुढे मात्र हे सुरकुतलेले पापुद्रे ताठरतेत आणि ताणबळात तोडीस तोड उतरतात. कारण दाखवायची ही रीत मला फार देखणी वाटते.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात निर्दोष ग्राफीनची ताठरता सुमारे 1 टेरापास्कल, पोलादाच्या पाचपट, मोजली गेली. उष्णतावहन मीटर-केल्विनमागे 5000 वॅटच्या आसपास असल्याचं बालांदिन यांच्या गटानं दाखवलं. साध्या प्लॅस्टिकचं ते 0.2 च्या आगेमागे असतं. हे आकडे या निबंधाला चिकटवू नयेत. इथे प्लॅस्टिक उष्णता सोसतं, ती वाहून नेत नाही. सोसण्याला मदत करणाऱ्या खोटींवरच उष्णता वाहून नेणारी कंपनं विखुरतात, आणि पापुद्रा व प्लॅस्टिक यांच्या सीमेवरही अडतात. वाहतं प्लॅस्टिक हवं असेल तर मोठे, कमी खोटींचे पापुद्रे लागतात, आणि भरणही कितीतरी जास्त.