पाऊण नात्याचं उत्तर कुठे तुटतं?

नेट-सेटची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुमच्या वहीत असणारच: कामकरी माशी स्वतः अंडी न घालता बहिणी का वाढवते? छापील उत्तर असं. नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच (१६), मादीकडे दोन (३२). त्यामुळे बहिणी-बहिणींचं नातं ०.७५, आई-मुलीचं ०.५. लेकीपेक्षा बहीण जवळची, म्हणून बहीण वाढवायची. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र कुणी विचारलं, "हे कोणत्या माशीबद्दल सांगताय?" तर पंचाईत होईल.

आधी गणित बघा. बापाकडे एकच संच, म्हणजे तो सगळ्या मुलींना तेच देतो. तिथून ०.५. आईकडून येणारा अर्धा भाग निम्म्या वेळा जुळतो, तिथून ०.२५. बेरीज ०.७५. या बेरजेत एक अट गुपचूप बसलीय: दोघींचा बाप एकच. राणीनं k नरांशी मिलन केलं आणि सगळ्यांचा वाटा सारखा धरला, तर सरासरी नातं ०.२५ + ०.५/k होतं. दोन बाप असले की ०.५. दहा असले की ०.३०.

आता आपल्या माश्यांकडे या. मी राहतो त्या कोनमध्ये, पनवेलच्या या टोकाला, उंच इमारतींच्या पाण्याच्या टाकीखाली आग्याची पोळी लटकलेली दिसतात. आग्याची राणी कित्येक डझन नरांशी मिलन करते. महाबळेश्वरच्या बाजूला पेट्यांत पाळतात ती सातेरी, तिचे नरही साधारण दहाच्या वर जातात. हे आकडे कामकऱ्यांच्या डीएनएवरून बाप मोजून काढलेले आहेत. म्हणजे ज्या माशीचं चित्र काढून पुस्तक ०.७५ शिकवतं, नेमक्या त्याच माशीला तो आकडा लागू पडत नाही. उलट भुंगा बघा किंवा खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण बघा. गुणसूत्रांची पद्धत हीच, तरी संसार बहुतेक एकटीचा. आणि वाळवीत नर-मादी दोघांकडेही दोन-दोन संच, तरी वारूळ भरलेलं. हॅप्लोडिप्लॉइडी हेच कारण असेल तर ही यादी फार विचित्र दिसते.

दोष हॅमिल्टनचा नाही. १९६४ च्या दोन भागांच्या लेखात त्यानं स्वतःच अनेक नरांशी होणारं मिलन ही अडचण म्हणून मांडली होती. पाठ्यपुस्तकांनी आकडा ठेवला, अडचण गाळली. १९७६ मध्ये ट्रिव्हर्स आणि हेअर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: बहीण ०.७५ असली तरी भाऊ फक्त ०.२५ असतो. दोघं सारख्याच संख्येनं वाढवले तर सरासरी ०.५, म्हणजे नफा शून्य. हेही नोट्समध्ये क्वचितच येतं.

मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो तो पुढचा भाग, आणि तोच सगळ्यात कमी शिकवला जातो. कामकरी माशीचं मिलन होत नाही, पण ती अफलित अंडं घालू शकते आणि त्यातून नर निघतो. तिच्या दृष्टीनं स्वतःचा मुलगा ०.५, राणीचा मुलगा म्हणजे भाऊ ०.२५, आणि इतर बहिणींचे मुलगे, म्हणजे भाचे, सरासरी ०.१२५ + ०.२५/k. दोन बापांवर भाऊ आणि भाचा बरोबरीत येतात. त्यापुढे भाचा मागे पडतो. दहा बाप असले तर जेमतेम ०.१५. मग बहिणीचं अंडं वाढवण्यापेक्षा ते खाऊन टाकणं परवडतं. फ्रान्सिस रॅटनिक्स यांनी १९८८ मध्ये हा हिशेब मांडला, आणि १९८९ मध्ये त्यांनी व कर्क व्हिशर यांनी युरोपीय मेलिफेरा माशीत तो प्रत्यक्ष दाखवला: कामकऱ्यांची अंडी दुसऱ्या कामकऱ्या खातात, राणीची बहुतांशी सोडतात. बघा, नातं कमी झाल्यावर वसाहत मोडली नाही. उलट एकमेकींवर पहारा सुरू झाला. 'बहिणींचं प्रेम' या गोड गोष्टीत हे बसत नाही, म्हणून ती गोष्ट मला नकोशी वाटते.

मग नात्याचा मुद्दाच फेकून द्यायचा का? २०१० मध्ये नोवाक, टार्निटा आणि विल्सन यांनी 'नेचर'मध्ये जवळपास तेच सुचवलं, आणि पुढच्या वर्षी १३७ संशोधकांनी सह्या करून विरोध नोंदवला. माझं मत विरोधकांच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण सह्यांची संख्या नव्हे. ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मुंग्या, माश्या आणि गांधीलमाश्यांच्या २६७ जातींची माहिती तपासली. समाज जिथे-जिथे स्वतंत्रपणे उगवला, त्या आठही वंशांच्या मुळाशी राणी एकाच नराची होती. बरेच बाप नंतर आले, कामकऱ्यांची परतीची वाट बंद झाल्यावर. एक बाप असला की बहीण-भाऊ मिळून सरासरी ०.५ होतं, स्वतःच्या पिल्लाइतकंच. म्हणजे पाऊण नात्याची गरजच नाही. तराजू समान असताना एकत्र राहण्याचा थोडासा फायदाही पुरतो. हॅमिल्टनच्या सूत्रात r शेजारी B आणि C असतात, ते याचसाठी. आपण r पाठ करतो आणि बाकीची दोन अक्षरं शेतावर जाऊन मोजायची असतात म्हणून टाळतो.

सातेरीवर काम करायचं मनात असेल तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था (स्थापना १९६२) पनवेलहून लांब नाही. एक गोष्ट तिथे जायच्या आधी माहीत असू द्या. मेलिफेरात राणी असताना बीजकोश जागे असलेली कामकरी हजारोंत एखादी सापडते. सातेरीत शंभरात एक ते पाच. पहारा मात्र तिथेही कडक आहे. आणि राणी मेली, नवी तयार झाली नाही, तर सातेरीच्या कामकऱ्या मेलिफेरापेक्षा लवकर अंडी घालायला लागतात. त्याच बहिणी, तेच बाप, नात्याच्या आकड्यात काडीचा फरक नाही. आणि पेटीत नुसते नर निपजू लागतात.