टिळकांवर लिहायला बसलेली बाई

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उघडलं की माझं लक्ष अजूनही आधी एकाच गोष्टीकडे जातं. लक्ष्मीबाई नवऱ्याला काय म्हणतात? 'स्वारी' नाही, 'तिकडून' नाही. सरळ 'टिळक'. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, असं देवदत्तांनी आईला सांगितलं. आई बसली टिळकांवर लिहायला आणि लिहून झालं तिचं स्वतःचं आयुष्य. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) शेजारी ठेवून पाहा. तिथे पत्नी पायाशी बसून बोलते. इथे ती चुलीपुढून बोलते, आणि मधूनच तोंडाला पदर लावून हसते.

हसण्यासारखं होतं काय, हा प्रश्न रास्त आहे. टिळक लहरी. मनात आलं की घर सोडून निघायचे. हातातला पैसा समोर येईल त्याला देऊन मोकळे व्हायचे. संसार ओढणारीच्या वाट्याला यातून काय येतं ते कुणाही बाईला विचारावं. लक्ष्मीबाई या कटकटी सांगतात त्या भांडण मिटल्यावर शेजारणीला सांगाव्यात तशा. राग आटून गेलेला असतो, तपशील मात्र एकही सुटत नाही. वाक्यं आखूड, विशेषणांची उधळण नाहीच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला अक्षरओळख करून दिली तीही लग्नानंतर टिळकांनी. त्या मास्तराची पुढे त्याच विद्यार्थिनीने किती प्रेमाने फिरकी घेतली!

मला सगळ्यात आवडतो तो पुस्तकाच्या सुरुवातीचा सोवळ्याचा भाग. सत्तावन्नच्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्यापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते शिरलंच. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरात पाणी म्हणजे बायकांच्या मानेवरचं जू. वाचताना आधी हसू फुटतं, मग लक्ष्मीबाईंच्या माउलीच्या पाण्याच्या खेपा डोळ्यांपुढे येतात आणि हसू घशात अडकतं. लेखिका तिथे एक उसासाही टाकत नाही. पुढे शेकडो पानांनी हीच मुलगी विचार करता करता या निर्णयाला येते, की जातिभेद माणसाने केलेला आहे, आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार होते. पुन्हा पाणीच. जुळवून आणलेलं नाही, आयुष्यानेच जुळवलेलं आहे. पण पहिली पानं विसरून ती दुसरी वाचू नयेत.

या दोन पाण्यांच्या मध्ये १८९५ साल येतं. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची ताटातूट झाली. पाच वर्षं. या भागात दुसऱ्या कुणी रडून पानं भिजवली असती. लक्ष्मीबाई रडल्या, हे आपल्याला कळतं. पण त्या आपल्याला रडायला लावत नाहीत. कविता लिहू लागल्या त्या याच काळात. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर.

पुढचे भाग थोडे पातळ झाले आहेत, हेही सांगितलं पाहिजे. माणसांची ये-जा वाढते, नावं लक्षात ठेवता ठेवता दमछाक होते. पण आई म्हणून त्या कळतात त्या याच गर्दीत. टिळकांच्या घरात पोटची मुलं किती आणि आणलेली किती, याचा हिशेब वाचकाला लागत नाही, कारण सांगणारीनेच तो ठेवलेला नाही. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं महाकाव्य 'ख्रिस्तायन' पुढे नेताना मात्र हिशेब चोख: लक्ष्मीबाईंचे अध्याय चौसष्ट. नवऱ्याची आठवण ठेवण्याची ही त्यांची दुसरी तऱ्हा.

२४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग अपुरा होता, तो देवदत्तांनी पूर्ण केला. मुलाने आईसाठी जे करायचं ते नीट केलं आहे. पण वाक्यांची चाल बदलते. तो बोलका, खट्याळ सूर कुठे गेला म्हणून आपण पान उलटून मागे जातो आणि तेव्हा लक्षात येतं, की बाई गेल्या. मृत्यूचं कुठलंही वर्णन मला इतकं लागलेलं नाही. नातू अशोक देवदत्त टिळकांनी पुढे टिपा देऊन या पुस्तकाची आवृत्ती सिद्ध केली. आजोबांना आजीने लिहिलं, आजीला मुलाने पुरं केलं, नातवाने दोघांची तारीखवार नोंद लावून दिली.

बाजारात संक्षिप्त आवृत्तीही मिळते. ती घेऊ नका. चारही भागांची घ्या.