विचारल्याने व्यसन सुटते का?

दवाखान्यात गेल्यावर आपले वजन घेतात, रक्तदाब पाहतात. तसेच प्रत्येक रुग्णाला, मग तो खोकल्यासाठी आलेला असो की गुडघेदुखीसाठी, दारू आणि इतर मादक पदार्थांविषयी काही ठराविक प्रश्न विचारावेत. उत्तरांवरून ज्याचे सेवन घातक वाटेल त्याच्याशी तिथल्या तिथे पाच-दहा मिनिटे बोलावे आणि ज्याचे प्रकरण फारच पुढे गेले असेल त्याला उपचारासाठी पाठवावे. ही कल्पना ऐकताक्षणीच पटते. खर्च थोडा, नुकसान काहीच नाही, असे वाटते. नेमक्या अशाच कल्पना आपण जरा थांबून तपासल्या पाहिजेत, कारण त्या तपासायची गरज कुणालाच भासत नाही.

या संशोधनाची सुरुवात तंबाखूपासून झाली म्हटले तरी चालेल. 1979 साली मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील पाच दवाखान्यांतल्या 28 डॉक्टरांच्या मदतीने 2138 धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग केला. रुग्णांचे चार गट होते. पहिल्या गटाला काहीच केले नाही. दुसऱ्याकडून फक्त प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी 'सिगारेट सोडा' असे सांगितले. चौथ्याला हे सांगून वर एक पत्रक दिले आणि पुढे चौकशी होईल अशी कल्पनाही दिली. ज्यांनी महिन्याभरात सिगारेट सोडली आणि वर्षाअखेरीसही ती सुटलेलीच होती, असे लोक अनुक्रमे 0.3, 1.6, 3.3 आणि 5.1 टक्के निघाले.

शंभरात पाच! वर्गात हा आकडा सांगितला तर मुले हसतील. पण रसेल यांचे गणित वेगळे होते. ब्रिटनमधल्या सर्व डॉक्टरांनी एवढेच केले तरी वर्षाला पाच लाखांहून जास्त लोक धूम्रपान सोडतील आणि खास व्यसनमुक्ती केंद्रे कितीही उघडली तरी ती एवढे काम करू शकणार नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. प्रत्येक माणसावर होणारा परिणाम लहान असला तरी माणसांची संख्या प्रचंड असेल तर एकूण फळ मोठे मिळते. यापुढचे सारे संशोधन याच गणितावर उभे आहे.

या प्रयोगातला दुसरा गट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्याला कुणी उपदेश केला नव्हता. केवळ प्रश्न विचारले एवढ्यानेच 0.3 चे 1.6 टक्के झाले. विचारणे हीच जर थोडीशी मात्रा असेल, तर ज्यांना आपण 'उपचार न केलेला गट' म्हणतो तोही कोरा राहत नाही. ही अडचण पुढच्या प्रत्येक प्रयोगात डोकावते.

दारूकडे वळण्याआधी एक छोटे गणित करून घेऊ. विज्ञानाच्या तासाला ते उपयोगी पडेल. शुद्ध अल्कोहोलची घनता मिलिलिटरला सुमारे 0.79 ग्रॅम असते. आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असते. म्हणजे 30 मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम, तर 180 मिलिलिटरच्या 'क्वार्टर'मध्ये सुमारे 61 ग्रॅम. 'मी फक्त बीअर पितो' असे म्हणणाऱ्याच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत, ती 8 टक्क्यांची कडक बीअर असेल तर, 41 ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे चार पेग! जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत अभ्यास करून तयार केलेली 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली दहा ग्रॅमच्या अशाच घोटांत मोजते. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण आणि एकूण गुण 40. आठ किंवा जास्त गुण म्हणजे सावध व्हावे, आणि वीसच्या वर गेल्यास बहुधा व्यसन जडलेले आहे.

दारूवरच्या अशा प्रयोगांचा सर्वांत मोठा आढावा 2018 साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. मुख्य हिशेबात 34 प्रयोग आणि 15 हजारांहून अधिक माणसे होती. थोडक्यात सल्ला मिळालेले लोक वर्षभराने इतरांपेक्षा आठवड्याला सरासरी 20 ग्रॅम अल्कोहोल कमी घेत होते. आठवड्याला 20 ग्रॅम म्हणजे दोन छोटे पेग. अधिक वेळ दिल्याने फारसा अधिक फायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर 756 रुग्णांपैकी काहींना फक्त पत्रक, काहींना पाच मिनिटांचा सल्ला आणि काहींना वीस मिनिटांचे समुपदेशन दिले, आणि सहा महिन्यांनी तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. पत्रकाच्या बाजूने बोलणारे याचा अर्थ 'पत्रक पुरते' असा घेतात. पण 'तिन्ही सारखेच निरुपयोगी' असाही अर्थ निघू शकतो, कारण काहीच न दिलेला गट या प्रयोगात नव्हता. कोणता अर्थ खरा हे त्या प्रयोगाला सांगताच येत नाही.

आता आपल्या जवळचा प्रयोग पाहू. गोव्यात 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेले काम 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. अभय नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांचा हा अभ्यास आम्हाला या क्षेत्रातला महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे बारकाईने पाहायचे आहे. ऑडिटमध्ये 12 ते 19 गुण मिळालेले, 18 ते 65 वयाचे 377 पुरुष निवडले. निम्म्यांना डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला, थोडा सुधारून. उरलेल्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या चार बैठकांपर्यंत मदत. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक, या विषयाचे आधीचे शिक्षण नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले लोक होते. ज्या देशात मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला एकही मिळत नाही तिथे ही निवड अगदी योग्य होती.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्क्यांचे गुण आठच्या खाली आले. पण ते न मिळालेल्यांपैकीही 26 टक्क्यांचे आले! विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबावे. तुलनेचा गट नसता तर आपण म्हटले असते, 'शंभरात 36 सुधारले.' प्रत्यक्षात समुपदेशनाच्या खात्यावर दहाच जमा होतात. उरलेले 26 कुठून आले? माणूस सर्वांत वाईट दिवसांत दवाखान्यात येतो, त्यानंतरचे दिवस आपोआपच थोडे बरे असतात. काहींना डॉक्टरांच्या दोन शब्दांनी आणि प्रश्नावलीनेच जाग आली असेल. तरीही शंभरात दहा हा आकडा तुच्छ नाही. आणि वर्षअखेरीस दोन गटांतले अंतर वाढले, 54 विरुद्ध 32 टक्के. अंतर कमी होण्याऐवजी का वाढले, याचे उत्तर दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हाच प्रयोग पुन्हा केल्याशिवाय मिळणार नाही.

आणखी एक आकडा गोंधळात टाकणारा आहे. तीन महिन्यांनंतर मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले लोक समुपदेशनाच्या गटात 42 टक्के, तर दुसऱ्या गटात 18 टक्के. हा फरक मोठा आहे. पण जे पीत राहिले त्यांची रोजची सरासरी पाहिली तर समुपदेशन मिळालेल्यांची 37 ग्रॅम आणि न मिळालेल्यांची 31! म्हणजे समुपदेशनाने पिणे वाढले का? (हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय नव्हता, पण प्रश्न मात्र उत्तम आहे.) फळ्यावर दहा माणसे काढा. पाच जण रोज दोन पेग घेतात, पाच जण सहा. सरासरी चार. आता दोनवाल्यांपैकी तिघांनी दारू पूर्ण सोडली. उरले सात जण, एकूण 34 पेग, सरासरी जवळजवळ पाच. कुणीही एक थेंब जास्त घेतलेला नाही, तरी सरासरी वाढली! गोव्यात नेमके हेच घडले असे आमचे म्हणणे नाही, पण घडू शकते. फक्त 'पीत राहिलेल्यांची' तुलना करणे म्हणजे चिठ्ठ्या टाकून सारखे केलेले गट पुन्हा विस्कटणे होय.

आमचा खरा आक्षेप मात्र दुसऱ्या जागी आहे. हे सर्व आकडे रुग्णांच्या तोंडचे आहेत. मोजणी करणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हते, ही काळजी घेतली होती. पण रुग्णाला ते ठाऊक असतेच. ज्याच्याशी आपुलकीने चार वेळा कुणी बोलले, त्याला 'अजून पितो' म्हणणे जड जाते. आणि जिथे दारूचे घाव घरावर दिसतात, म्हणजे कामाचे बुडालेले दिवस, बायकोला होणारी मारहाण, तिथे तीन महिन्यांनी दोन गटांत फरक आढळला नाही. अभ्यासकांनी हे लपवले नाही, ठळक लिहिले, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु हा अभ्यास पुढे भाषणांत उद्धृत होतो तेव्हा यशाचा आकडा येतो आणि हे वाक्य गळते.

दारूवरून मिळालेला धडा इतर मादक पदार्थांना लावला तेव्हा काय झाले? 2014 साली अमेरिकेत एकाच दिवशी दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. बॉस्टनमध्ये रिचर्ड सेट्झ यांनी 528 आणि वॉशिंग्टन राज्यात पीटर रॉय-बर्न यांनी 868 रुग्णांवर पाहिले. गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ घेणारे हे लोक दवाखान्यातल्या चाळणीतून सापडलेले होते. थोडक्यात समुपदेशनाचा दोन्हीकडे काहीच परिणाम दिसला नाही. असे असूनही 2020 साली तिथल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या सल्लागार मंडळाने प्रौढ रुग्णांना मादक पदार्थांविषयी विचारावे अशी शिफारस केली. तिचा आधार मुख्यतः अशा लोकांवरचे प्रयोग होते जे स्वतःहून उपचारासाठी आले होते. तहानलेला विहिरीवर येतो आणि आपण कुणाला रस्त्यात अडवून पाणी पाजतो, या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच्या अगदी उलट उदाहरण येल विद्यापीठातले आहे. गेल डी'ओनोफ्रिओ यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेले 329 रुग्ण तातडीच्या विभागात आले होते. पत्ता देऊन पाठवलेल्यांपैकी महिन्याने 37 टक्के उपचार घेत होते, समुपदेशन करून पाठवलेल्यांपैकी 45 टक्के, आणि ज्यांना तिथेच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू केले त्यांच्यापैकी 78 टक्के. चाळणी तिथेही होतीच. फरक पडला तो चाळणीखाली काहीतरी धरलेले होते म्हणून.

भारतात 2018 साली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचे व्यसन जडलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. आरोग्य केंद्रात प्रश्नावली आली आणि समुपदेशक आला नाही, तर या आकड्यात काय बदलेल?

शिक्षकांसाठी एक गोष्ट उरते. हीच चाळणी शाळेत लावावी अशी सूचना अधूनमधून येते. बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी त्याच अमेरिकी मंडळाने 2018 साली दारूबाबत आणि 2020 साली इतर पदार्थांबाबत 'पुरावा अपुरा' असे म्हटले आहे. समजा, शाळेत 1000 मुले आहेत आणि त्यांतली 20 खरोखर अडचणीत आहेत. प्रश्नावली अशा 80 टक्के मुलांना ओळखते आणि निर्दोष मुलांपैकी फक्त 10 टक्क्यांना चुकून दोषी ठरवते. मग यादीत 16 खरी आणि 98 खोटी नावे येतील. चार मुले सुटतील ती वेगळीच. शाळेत तंबाखू किंवा दारू कितपत शिरली आहे एवढेच कळायला हवे असेल, तर मुलांकडून नाव न लिहिता उत्तरे घ्यावीत; त्या मोजणीला नावांची यादी लागत नाही.