दरबाऱ्याची साक्ष : लॉर्ड हर्व्हेच्या आठवणी

राजवाड्याच्या भिंतींआड काय चाललें होतें, हें बाहेरच्या मनुष्यास कळत नाहीं. आणि जो आंत वावरला त्याला निःपक्षपाती राहतां येत नाहीं. दरबारी आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येक ग्रंथकारापुढें हा पेंच असतो. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या दरबारांतील लॉर्ड जॉन हर्व्हे (१६९६–१७४३) याची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हर्व्हे हा ब्रिस्टलच्या पहिल्या अर्लचा मुलगा. १७२५ सालीं तो कॉमन्स सभेंत आला, मुख्य प्रधान वॉल्पोल याचा पक्ष त्यानें धरिला, व १७३० सालीं व्हाइस चेंबरलेनचा हुद्दा मिळून राजवाड्यांत त्याचा नित्य संचार सुरू झाला. वॉल्पोलला राणी कॅरोलाइन अनुकूल हवी होती. राणीला हर्व्हेच्या चतुर संभाषणाची गोडी होती. या दोन गरजांवर त्याचें सारें महत्त्व उभें होतें.

ग्रंथांत १७२७ ते १७३७ या दहा वर्षांचा वृत्तांत आहे. स्वतःचा उल्लेख तो ‘लॉर्ड हर्व्हे’ असा तृतीय पुरुषीं करितो. या युक्तीनें कथनास तटस्थतेचा रंग चढतो. परंतु वाचकानें त्या रंगास भुलूं नये. युवराज फ्रेडरिक एके काळीं हर्व्हेचा जिवलग मित्र होता. पुढें दोघांत वितुष्ट आलें. ग्रंथांत युवराजाच्या वाट्यास बहुधा तिरस्कारच आला आहे. येथें साक्षीदार नव्हे, फिर्यादी बोलत आहे, असें आमचें मत आहे.

परंतु जेथें जुना हिशेब चुकवावयाचा नाहीं, तेथें त्याची नजर अचूक आहे. केन्सिंग्टन येथील दिवाणखान्यांतील कांहीं सुमार चित्रें काढून राणीनें त्या जागीं चांगलीं लाविलीं होतीं. १७३५ सालीं राजा हॅनोव्हरहून चिडलेल्या मनानें परतला आणि जुनींच चित्रें पुन्हा लावण्याचा हुकूम त्यानें हर्व्हेस सोडला. गोष्ट क्षुल्लक, पण राजाचा हट्ट, राणीची सहनशीलता आणि दरबाऱ्याची कुचंबणा यांचें याहून बोलकें चित्र विरळाच सांपडेल.

राणीच्या अखेरच्या दिवसांचें वर्णन हें ग्रंथाचें शिखर होय. मरणोन्मुख राणी पतीस पुन्हा लग्न करण्यास सांगते, आणि तो हुंदके देत, लग्न नको, आपण उपस्त्रियाच ठेवूं, असें उत्तर देतो! हर्व्हे येथें हंसत नाहीं, भाष्यहि करीत नाहीं. राजाचा वेडगळपणा व त्याचें खरें दुःख दोन्हीं तो शेजारीं शेजारीं ठेवितो. ज्याला केवळ निंदा करावयाची असते, त्याच्या हातून असें लिहून होत नाहीं.

पोप कवीनें १७३५ सालीं ‘स्पोरस’ या नांवाखालीं हर्व्हेचें जें विखारी व्यंगचित्र रेखाटलें, त्यावरूनच पुष्कळ लोक त्यास ओळखतात. त्याच्या स्वतःच्या आठवणी मात्र १८४८ सालापर्यंत छापल्या गेल्या नव्हत्या. अधिक पूर्ण आवृत्ति निघण्यास १९३१ साल उजाडावें लागलें. लॉर्ड प्रिव्ही सील हें मोठें पद त्यास १७४० सालीं लाभलें व १७४२ सालीं गेलें. पण त्या वैभवास या ग्रंथांत स्थान नाहीं. राणी गेली, तेथेंच कथन थांबतें. जन्मभर पदासाठीं झटल्याचा आरोप ज्याच्यावर झाला, त्याची लेखणी पदाबरोबर नव्हे, स्नेहाबरोबर थांबली. आमच्या मतें, त्याच्या बाजूची सर्वांत सबळ साक्ष हीच.